चार लाख एकतीस हजार नकार

४ मार्च, बुधवार

आज सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी रॉकेट उडालं. नऊ वाजून एकवीस मिनिटांनी मी टाळ्या वाजवल्या. ही नोंद अशासाठी, की मी सहसा टाळ्या वाजवत नाही आणि यापुढे वाजवणारही नाही.

रॉकेटच्या शेवटच्या टप्प्याचं इंजिन दोनदा पेटायचं होतं. पहिल्यांदा पेटलं, तेव्हा टाळ्या झाल्या. पाऊण तासाने, लंबवर्तुळाच्या सगळ्यात उंच टोकावर पोचल्यावर, ते पुन्हा पेटून आमच्या उपग्रहाला ५६० किलोमीटरच्या गोल कक्षेत बसवणार होतं. दहा वाजून सात मिनिटांनी पडद्यावरची रेघ वर वळायला हवी होती. वळली नाही. अँटेना सांभाळणारे काका म्हणाले, "पडदा अडकला असेल." पडदा अडकला नव्हता. कोपऱ्यातलं घड्याळ व्यवस्थित चाललं होतं.

कळस म्हणजे उपग्रह ठरलेल्या सेकंदाला रॉकेटपासून सुटलाही. सोडणाऱ्या यंत्राला इंजिन पेटलं की नाही याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला वेळ दिली होती, त्याने वेळ पाळली.

अकराच्या सुमारास रॉकेटवाल्यांचा फोन आला. मोहीम 'अंशतः यशस्वी' झाली म्हणे. आमच्या संचालक बाईंनी (सगळे त्यांना नुसतं बाईच म्हणतात) फोन खाली ठेवला आणि विचारलं, "नवरदेव अर्ध्या वाटेवरून परत गेला तर अंशतः लग्न झालं म्हणतात का?" कुणी हसलं नाही. मला हसू आलं होतं, पण सुरुवात करणारी मी कोण?

घरी आई शिलाई मशीनवर होती. "उडालं का?"

"उडालं."

"मग तोंड का असं?"

"मध्येच थांबलं."

"आता आणायला कोण जाणार?"

कुणीच जात नसतं, हे मी तिला समजावलं. तेवढ्यात मावशीचा फोन आला. आई तिला सांगत होती, "पडला नाही गं, हुकलाय."

हुकलाय. मी चार पानी अहवालात याहून नेमकं काही लिहिलेलं नाही.

५ मार्च, गुरुवार

रडारवाल्यांचे आकडे आले. खालचं टोक २१० किलोमीटर, वरचं ५६०. २१० वर हवा विरळ असली तरी असते, आणि प्रत्येक फेरीत ती उपग्रहाला थोडं थोडं ओढते. मी तीन पद्धतींनी हिशेब केला. अठ्ठावीस दिवस, तीन दिवस इकडेतिकडे. मग धाकटा जळून जाईल.

धाकटा म्हणजे आमचा उपग्रह. एकसष्ट किलो, जमिनीतला ओलावा मोजणारा. याच्या आधीचा थोरला चार वर्षांपूर्वी रॉकेटसकट समुद्रात गेला. तेव्हा मी इथे नव्हते. बाई तेव्हापासून प्रक्षेपणाच्या दिवशी बसत नाहीत, उभ्याच राहतात. थोरला गेला तेव्हा कचेरीत चाळीस माणसं होती, आता एकोणीस आहोत. धाकटाही गेला तर किती उरतील, याचा हिशेब मला कुणी करायला सांगितलेला नाही. मी केला. शून्य.

मार्ग आहे. धाकट्याजवळ स्वतःचं छोटं इंजिन आहे. आयुष्य संपल्यावर त्याला खाली आणायला इंधन राखलेलं आहे. तेच सगळं इंधन वरच्या टोकावर पाच हप्त्यांत जाळलं तर खालचं टोक साडेतीनशेच्या वर जाईल. ठरलेली पाच वर्षं नाहीत, पण दोन तरी मिळतील. बाईंनी कागद पाहिला आणि विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "आकडे नक्की आहेत." कक्षेचं गणित माझं खातं आहे.

आणखी एक लिहून ठेवते, कारण हे कचेरीच्या नोंदवहीत लिहिता येणार नाही. चूक रॉकेटची आहे, आपली नाही, याचा एक आनंद असतो. तो मला झाला. दिवसभर पुरला.

७ मार्च, शनिवार

धाकट्याचा आवाज नीट येत नाही. तो आमच्या आकाशातून जातो त्या आठ-नऊ मिनिटांना आम्ही पास म्हणतो. दिवसातून चारेक पास मिळतात. परवा सकाळी सिग्नल खणखणीत, संध्याकाळी मेलेला. काल उलट. इंजिन पेटवण्याच्या लांबलचक आज्ञा अशा सिग्नलवर पाठवता येणार नाहीत.

उपग्रह तर सगळ्या चाचण्यांतून पार पडलेला आहे. म्हणून मी लेखी कळवलं की जमिनीवरच्या अँटेनाची दिशा सदोष असण्याची दाट शक्यता आहे. 'दाट' हा शब्द काढावा का, यावर पाच मिनिटं विचार केला. ठेवला.

काकांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "दाट?" ते म्हणाले.

"शक्यता आहे, काका."

"हो, पण दाट."

सॉफ्टवेअरवाला समोरच बसला होता. त्याचं टोपणनाव स्वल्पविराम, कारण दोन वर्षांपूर्वी एका चुकीच्या जागच्या स्वल्पविरामाने त्याचे सहा दिवस खाल्ले होते. तो काहीतरी बोलणार होता. माझ्याकडे बघितलं आणि गप्प बसला. त्याची ही सवय मला खटकते. बोलायचं तर बोलावं.

(मला मागे 'पट्टी' म्हणतात. मला माहीत आहे. आखायला आणि मारायला दोन्हीला चालते, असा काकांचा खुलासा मी दाराबाहेरून ऐकला होता.)

८ मार्च, रविवार

सुट्टी नाही. सकाळी काकांनी अँटेना सूर्याकडे वळवली. सूर्यही रेडिओलहरी सोडतो, आणि तो कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्यावर नेम धरून अँटेनाची दिशा तपासता येते. तासाभराने काका माझ्या टेबलाशी आले. "सूर्य जागेवर आहे. मी तपासला. तुझ्या कागदाची एक प्रत त्यालाही पाठवू का?"

मी म्हटलं, अहवालात नोंद करते.

"कर. दाट कर."

दुपारी जेवायला घरी गेले. शिवायला आलेल्या एक बाई आईशी हुज्जत घालत होत्या. आईने टेप लावून कंबरेचं माप सांगितलं, तर त्या म्हणाल्या, तुमची टेप चुकीची आहे, माझं माप चौतीस आहे, दहा वर्षं चौतीसच आहे. आई म्हणाली, "बरं, चौतीसवर शिवते, मग ते तुमच्या त्या चौतीसच्या कंबरेला घाला." त्या गेल्यावर आई बराच वेळ एकटीच हसत होती. मला सांगायला लागली की लोक वहीतलं माप खरं मानतात आणि अंगावरची टेप खोटी. माझ्या डोक्यात सिग्नल होता. मी तिला म्हटलं, आई, मला आत्ता याच्यासाठी वेळ नाही. जेवले आणि निघाले.

९ मार्च, सोमवार

सापडलं. लिहायची इच्छा नाही, म्हणून आधी तपशील लिहिते.

धाकटा पासच्या वेळी आपली मुख्य अँटेना आमच्या दिशेला वळवतो. त्यासाठी आपण कुठे आहोत हे त्याला कळावं लागतं. त्याच्याजवळ जीपीएस आहे. दर सेकंदाला त्याला स्वतःची जागा कळते. मग तो भलतीकडे का वळत होता? मी त्याच्याकडून त्याच्या तब्येतीच्या नोंदींतलं सातवं पान मागवलं. ते एरवी कुणी मागवत नाही. त्यात एक आकडा होता : नाकारलेली मोजमापं ४,३१,९०६.

सुटल्यापासून जवळजवळ सेकंदाला एक. जीपीएस त्याला पाच दिवस सांगतं आहे की बाबा, तू इथे आहेस. आणि तो म्हणतो आहे, शक्य नाही, मी योजनेप्रमाणे तिथे आहे. चुकीच्या कक्षेत एक फेरी साडेतीन मिनिटं लवकर संपते. एका दिवसात फरक अर्ध्या पृथ्वीएवढा होतो. म्हणजे आमच्या डोक्यावर असताना तो समजतो की आपण पृथ्वीच्या पलीकडे आहोत, आणि तिथून आम्ही जिकडे दिसलो असतो तिकडे तोंड करून बोलतो. अधूनमधून योगायोगाने दिशा जुळायची. तेव्हा सिग्नल खणखणीत.

हे असंच चालू असताना इंजिन पेटवलं तर ते कुठल्या दिशेला ढकलेल हे त्याला माहीत नाही आणि आम्हालाही नाही.

नाकारण्याचा नियम प्रोग्रामच्या एकशे चौदाव्या ओळीत आहे. 'योजनेपेक्षा वीस किलोमीटरहून अधिक फरक असल्यास मोजमाप अशक्य समजून नाकारावे.' प्रयोगशाळेतल्या एका चाचणीत जीपीएसने आपण भर समुद्रात असल्याचं सांगितलं होतं. त्याच दिवशी, वैतागून, ती ओळ टाकली गेली. अतिशय नीट लिहिलेली आहे. शेजारी खुलासाही आहे. खाली नाव आणि तारीख.

नाव माझं आहे.

उपग्रह बनवताना प्रत्येक भाग बिघडू शकतो असं धरून चालायचं असतं. मी प्रत्येक भागावर संशय घेतला. फक्त स्वतःच्या योजनेवर घेतला नाही.

सव्वातीन वाजता सापडलं. साडेतीनला बाई दारातून डोकावल्या, म्हणाल्या, "काही?" मी म्हटलं, "बघतेय."

१० मार्च, मंगळवार

ओळ काढायची तर सॉफ्टवेअर बदलावं लागेल, आणि त्यासाठी बाईंना सांगावं लागेल. मी दुसरा उपाय शोधला. ओळीला हात लावायचा नाही, योजनाच बदलायची. धाकट्याला खऱ्या कक्षेचे आकडे 'योजना' म्हणून पाठवले, की जीपीएस आणि योजना जुळतील, वीस किलोमीटरच्या आत येतील, आणि ओळ आपोआप गप्प बसेल. कुणाला काही कळायचं कारण नाही.

उपाय सुंदर आहे, असं मी सकाळी स्वतःला दोनदा सांगितलं. कारणाच्या रकान्यात 'नेहमीचा बदल' लिहिलं. बाईंनी सही केली. आकडे जेमतेम दोन ओळींचे, त्यामुळे अशक्त सिग्नलवरही चढले. पाठवताना काका म्हणाले, "नेहमीचा? असा बदल आपण यापूर्वी कधी केला गं?"

"आता नेहमी करू."

स्वल्पविराम माझ्या खुर्चीमागे उभा होता. म्हणाला, "एकशे चौदा बघितलीस का?"

मी म्हटलं, "कुठली एकशे चौदा?"

तो म्हणाला, "नाही, सहज." आणि चहा आणायला गेला. माझ्यासाठीही आणला. मी मागितला नव्हता. तो शिळोप्याच्या गप्पांत असे आकडे का टाकतो कळत नाही.

संध्याकाळचा पास खणखणीत. काकांनी मला अंगठा दाखवला. मला अजिबात बरं वाटलं नाही, तरी मी त्यांना अंगठा दाखवला.

११ मार्च, बुधवार

नऊ तास टिकलं.

खालच्या टोकाशी हवा किती ओढेल हे रोज बदलतं. सूर्य तापला की हवा फुगते. धाकटा माझ्या नव्या योजनेपेक्षाही थोडा खाली आला. खाली आला म्हणून वेग वाढला, वेग वाढला म्हणून पुढे गेला, आणि फरक वीस किलोमीटरवर गेल्याबरोबर त्याने पुन्हा जीपीएसला खोटं ठरवायला सुरुवात केली. सकाळी सिग्नल मेलेला. नाकारलेल्या मोजमापांचा आकडा पुन्हा वाढतोय.

रोज दोनदा योजना पाठवायची का? पाठवता येईल. पण इंजिन पेटल्यावर कक्षा मिनिटामिनिटाला बदलणार, तेव्हा काय? ऐन जळणाच्या मध्यावर तो हट्टाला पेटला तर?

वरचं टोक या दोन दिवसांत सतरा किलोमीटर खाली आलं आहे. हे सतरा किलोमीटर रॉकेटवाल्यांचे नाहीत.

बाईंना सांगण्यासाठी वाक्य तयार केलं. मग ते सुधारलं. मग त्यातून 'मी' हा शब्द कसा काढता येईल ते पाहिलं. 'एक मर्यादा आढळून आली आहे.' छान वाक्य आहे. मर्यादा जणू रस्त्यात पडलेली होती.

आईने विचारलं, "बरं नाहीये का?" मी म्हटलं, बरी आहे. तिने माझ्या कपाळाला हात लावला. मी म्हटलं, ताप नाही, हाताने मोजून कळत नाही. ती म्हणाली, "मला कळतं." आणि मशीनकडे गेली.

१२ मार्च, गुरुवार

दहा वाजता बैठक. बाई, काका, स्वल्पविराम, मी. बाईंनी पडद्यावर सातवं पान लावलं होतं. म्हणजे ते त्यांनीही मागवलं होतं.

"हा आकडा काय आहे?"

मी 'एक मर्यादा' म्हणण्यासाठी तोंड उघडलं. तेवढ्यात स्वल्पविराम म्हणाला, "ती तपासणी माझ्या प्रोग्राममध्ये आहे, बाई. माझी चूक. मी काढायला हवी होती."

मी म्हटलं, "नाही. प्रोग्राम याचा आहे, ओळ माझी आहे. एकशे चौदावी. खाली नाव आणि तारीख आहे."

मी हे धैर्याने सांगितलं असं कुणाला वाटायला नको. चुकीची नोंद होत होती, ती मी दुरुस्त केली. तीन दिवस मला जे जमलं नव्हतं ते त्याच्या एका चुकीच्या वाक्यामुळे झालं. त्याने फाईल नीट वाचली असती तर तो असं बोललाच नसता. एवढा अनुभवी माणूस आणि खालचं नाव बघत नाही.

बाईंनी मला विचारलं, "तुला कधी कळलं?"

"सोमवारी. सव्वातीनला."

"साडेतीनला मी दारात आले होते."

"हो."

"मंगळवारी मी सही केली. 'नेहमीचा बदल'."

"हो."

"ओळीचं मी काही म्हणत नाही. ओळी चुकतात. माझ्याही चुकल्यात. पण हे तीन दिवस कुणाच्या प्रोग्राममध्ये होते?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते त्यांनाही माहीत होतं.

"आजपासून तुझ्या प्रत्येक आज्ञेवर दुसरी सही लागेल," त्या म्हणाल्या. मग स्वल्पविरामकडे वळून, "तुझी. आणि तू, दुसऱ्याच्या चुका अंगावर घेण्याची हौस असेल तर बाहेर जाऊन घे. इथे मला नावं बरोबर लागतात."

बैठक संपल्यावर मी काकांकडे गेले आणि अँटेनाबद्दलचा आरोप लेखी मागे घेतला. त्यांनी नवा कागद घेतला, पण जुना परत देईनात.

"काका, तो रद्द झाला आहे."

"असू दे गं. एवढं दाट मला आजवर कुणी लिहिलं नव्हतं."

१४ मार्च, शनिवार

ओळ काढली. म्हणजे मी काढली, स्वल्पविरामने चार वेळा वाचली, सही केली. सही करताना म्हणाला, "स्वल्पविराम बघून घेतलेस ना?" मी म्हटलं, या भाषेत ते तिथे येतच नाहीत. तो म्हणाला, "गंमत केली." मी म्हटलं, बरं.

सिग्नल धड असलेल्या तीन पासमध्ये तुकड्यातुकड्याने बदल वर चढवला. चौथ्या पासला चालू करण्याची आज्ञा. धाकट्याने योजना बाजूला ठेवून जीपीएसवर पहिल्यांदा विश्वास ठेवला, आपण योजनेपासून नक्की किती दूर आहोत हे त्याला दहा दिवसांनी एकदम कळलं, आणि त्याने अशा वेळी शहाण्या उपग्रहाने करायचं तेच केलं. घाबरला. सगळी यंत्रं बंद करून, सूर्याकडे पाठीवरच्या सौरपट्ट्या करून, नुसता गोल फिरत बसला.

याला आम्ही सुरक्षित अवस्था म्हणतो. सोमवारी दुपारी सव्वातीनपासून गुरुवारी दहापर्यंत माझी जी होती ती.

१७ मार्च, मंगळवार

धाकटा पांघरुणातून बाहेर आला. एकेक यंत्र विचारून विचारून चालू केलं. जीपीएस मान्य, दिशा बरोबर, सिग्नल कालपासून एकदाही पडला नाही. इंधन पूर्ण आहे. वरचं टोक ५०८, खालचं २०६. उरलेले दिवस बारा. उद्या पहिलं जळण.

मावशीने फोन करून विचारलं, आमच्या घरावर पडेल का? मी म्हटलं, नाही, वरच जळेल. ती म्हणाली, "तसं असेल तर बरं." तिची काळजी मिटली.

१८ मार्च, बुधवार

हे सविस्तर लिहिते.

सकाळी आठ दहाच्या पासला आज्ञा दिल्या. इंजिन नऊ वाजून दोन मिनिटांनी, वरच्या टोकावर, समुद्रावर पेटणार होतं. तिथे आमचं ऐकणारं कुणी नाही. पेटलं का, कुठल्या दिशेला पेटलं, हे कळणार संध्याकाळच्या पासला. कसं कळणार, तर घड्याळावरून. इंजिन बरोबर दिशेला पेटलं, तर कक्षा मोठी होणार, फेरीला वेळ जास्त लागणार, आणि धाकटा उशिरा उगवणार. एक मिनिट अडतीस सेकंद उशिरा. उलट्या दिशेला पेटलं, तर तेवढाच लवकर उगवणार. तसं झालं तर मग पुढची नोंद लिहायचं कारण नाही.

मी तीन वेळा फळ्यावर लिहिल्या.

४:३९:४२ उलटं पेटलं.
४:४१:२० पेटलंच नाही.
४:४२:५८ बरोबर.

साडेचारला सगळे जमले. बाई उभ्या. काकांनी अँटेना क्षितिजावर लावून ठेवली. लेखा विभागाच्या बाईही आल्या, शिपाईही आले. मी म्हटलं, कृपया शांतता. तेव्हा शांतताच होती.

४:३९:४२. पडद्यावर नुसती खरखर. एवढ्या आनंदाने खरखर मी आयुष्यात कधी ऐकली नव्हती. काका श्वास सोडून म्हणाले, "उलटं नाही."

मग चार एक्केचाळीस व्हायची वाट. लोक आपल्या माणसाने वेळेवर यावं म्हणून घड्याळ बघतात. आम्ही एकोणीस जण त्याने येऊ नये म्हणून बघत होतो. ४:४१:२० ला पडद्यावर एक रेघ उसळली. काका म्हणाले, "ती लिफ्ट." लिफ्टची मोटर चालू झाली की तशी उसळते. मला हे माहीत आहे. तीन वर्षं माहीत आहे.

४:४२:०० काही नाही. ४:४२:३० काही नाही.

४:४२:५८ काही नाही.

हा सेकंद मी फळ्यावर लिहिला होता. तो आला आणि गेला. एक. दोन. बाई खुर्चीत बसल्या. मी त्यांना या खोलीत बसलेलं पहिल्यांदाच बघत होते. तीन. माझ्या बाजूने एक हात माझ्या मनगटाशी आला, घड्याळ बघायला असावा. चार. मला त्या क्षणी योजना, ओळ, सतरा किलोमीटर, काही आठवलं नाही. फक्त, ये.

४:४३:०३.

"आला," काका म्हणाले. मग ओरडले, "आला! उशिरा आला लेकाचा!"

पाच सेकंदांचा जास्तीचा उशीर म्हणजे इंजिनाने अंदाजापेक्षा पाच टक्के जास्त जोर लावला. चांगलंच आहे. हे मी मोठ्याने सांगितलं, पण कुणी ऐकत नव्हतं. सगळे टाळ्या वाजवत होते. मी हात खिशात ठेवले होते. निदान एक हात. दुसरा स्वल्पविरामच्या हातात होता, तो अजून घड्याळच बघत होता.

३० मार्च, सोमवार

पाचवं जळण झालं. इंधन संपलं. खालचं टोक ३६५, वरचं ५०३. साधारण दोन वर्षं आणि दोन महिने मिळतील. सुरुवातीच्या बोलीप्रमाणे पाच होती. रॉकेटने जवळजवळ सगळी घालवली आणि त्यातून जे वाचलं त्यातला काही भाग मी. किती, तो आकडा मी अहवालात वेगळा काढून लिहिला : चाळीस दिवस. कुणी मागितला नव्हता. बाईंनी वाचला, पान उलटलं, म्हणाल्या, "दुसरी सही आता नको."

मग म्हणाल्या, "त्या ओळीच्या जागी काय टाकणार?"

जागा मोकळी ठेवता येत नाही. जीपीएस कधी खरंच बिघडलं तर? मी दिवसभर नियम लिहीत आणि खोडत होते. शेवटी जो राहिला तो असा : योजना आणि मोजमाप जुळत नसल्यास मोजमाप तीनदा तपास, टिकलं तर ते मान, आणि लगेच खाली कळव.

'आणि लगेच खाली कळव' एवढ्याला एकवीस बाइट लागतात. उपग्रहाला ते जमतं.

४ एप्रिल, शनिवार

धाकट्याने ओलाव्याचा पहिला नकाशा पाठवला. एक कोपरा उलटा आहे, तो माझा नाही.

दुपारी स्वल्पविरामने विचारलं, संध्याकाळच्या पासला कचेरीच्या गच्चीवर जायचं का, धाकटा डोक्यावरून जाताना बघायला. मी त्याला समजावलं की एवढ्या लहान वस्तूवरून परतणारा उजेड नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणाला, "माहीत आहे." मग कशाला जायचं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "तू वेळा सांग. मी बघतो."

सहा बावन्नला पास होता. मी सहा चाळीसला गच्चीवर पोचले, तो आधीच आलेला होता. आकाश स्वच्छ, उजेड सरत आलेला, खाली रस्त्यावर दिवे लागत होते. मी घड्याळ बघून सांगत गेले : उगवला. वीस अंश. चाळीस. आता डोक्यावर. आता उतरतोय, वायव्येकडे.

तो सबंध वेळ चुकीच्या बाजूला बघत होता. मी दोनदा सांगितलं, वायव्येला बघ. तो म्हणाला, "बघतोय." वायव्य त्याच्या पाठीमागे होती. त्याच्यासमोर मी होते.

सहा वाजून साठ मिनिटांनी धाकटा मावळला. म्हणजे सातला. असं मी लिहिलं आहे, आणि खोडत नाही.

सोमवारी पुन्हा एक चांगला पास आहे, सहा सत्तावीसला. त्याला दिशा नीट कळल्या नाहीत, म्हणून त्याने पुन्हा यायचं ठरवलं आहे. मी हरकत घेतली नाही.